‘सर, एक मॉप कमी आहे’

पत्र:

ताई, नमस्कार. मी उमरेडकडची. नागपुरात होस्टेलवर राहून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करते आहे, तिसरं वर्ष. गेल्या महिन्यात आमची ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, पोस्टिंग लागली. ओटीच्या बंद दाराचं मला लहानपणापासून आकर्षण, म्हणून फार खुशीत गेले. दुसऱ्याच दिवशी सिझरची केस होती. पेशंट माझ्याच वयाची, पहिलटकरीण, खूप घाबरलेली. स्पायनल (पाठीतलं भुलेचं इंजेक्शन) देताना तिनं माझा हात धरला तो नंतरही सोडलाच नाही. मी तिच्या डोक्याशी उभी होते. पोट उघडलं, कॉटरीचा (विजेनं जाळून रक्त थांबवतात, त्याचा) वास आला आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा चेंजिंग रूममध्ये होते. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘तुझं काम नाही हे, तू वॉर्डच बघ.’ मैत्रिणी अजून हसतात. घरी सांगितलं तर मामा म्हणाले, ‘ओटीत नर्सचं काम काय? डॉक्टरच्या हातात कात्री द्यायची. त्यापेक्षा ओटी टेक्निशियनचा कोर्स केला असता.’ आई म्हणते, वॉर्डात राहा, सरकारी भरती निघाली की फॉर्म भर. एक स्थळही येऊन गेलं, त्यांना नाईट ड्युटी चालत नाही. मला अजूनही ओटीतच जायचं आहे. पण चक्कर आली त्याहीपेक्षा वाईट एका गोष्टीचं वाटतं, त्या बाईचा हात माझ्याकडून सुटला. मी ओटी नर्स होऊ शकते का? आणि होऊ शकत असेन तर कशी?

– उमरेडची एक विद्यार्थिनी

उत्तर:

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना चक्कर लक्षात राहिली, दुसऱ्यांदा तो सुटलेला हात. मी चौतीस वर्षं ओटीत काढली. विद्यार्थिनी म्हणून आत गेले, इन्चार्ज म्हणून बाहेर पडले. त्या अनुभवावरून सांगते, ज्या मुलीला स्वतः पडल्यापेक्षा पेशंटचा हात सुटल्याचं जास्त लागतं, तिला मी माझ्या ओटीत डोळे मिटून घेतलं असतं. तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. आता बाकीचं सविस्तर बोलू.

आधी चक्कर. तू होस्टेलवर राहतेस, सकाळी आठच्या ड्युटीला सातला निघतेस. त्या दिवशी काय खाल्लं होतंस? बहुतेक चहा आणि दोन बिस्किटं. तोंडावर मास्क, डोक्याला घट्ट टोपी, अर्धा तास एकाच जागी गुडघे ताठ करून उभं राहणं आणि वर तो जळका वास. अशा वेळी पायांत रक्त साठतं, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. यात धैर्याचा काही संबंध नाही. पुढे नावाजलेले सर्जन झालेले इंटर्न मी भिंतीला टेकून खाली बसलेले पाहिलेत.

उपायही साधे आहेत. पोटभर खाऊन जा. सकाळी वाटेत तर्री-पोह्याची प्लेट मिळते, ती घे, पण तर्री जपून. ढसाढसा नको, पण पाणी पी. उभी असताना बुटातल्या बुटात पायाची बोटं हलवत राहा, पोटऱ्या आवळ आणि सैल सोड, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाक. कानात गूं आवाज आला, घाम फुटला, जांभया यायला लागल्या की समज, दोन मिनिटं हातात आहेत. त्या दोन मिनिटांत लाजू नकोस. शेजारच्या सिस्टरला सांग, ‘मला बरं वाटत नाहीये,’ टेबलापासून आणि निर्जंतुक हिरव्या कपड्यापासून मागे सरक आणि सरळ जमिनीवर बस. उभी राहून सहन करायला गेलीस तर ट्रॉलीवर पडशील, ट्रॉली बाद होईल आणि पेशंटचा वेळ जाईल. आठ-दहा केसेस पाहिल्या की बहुतेकींचं शरीर आपोआप सवयीला येतं. तुझ्या इन्चार्ज सिस्टर त्या वेळी जे बोलल्या ते घाईत बोलल्या. एका चक्करेवरून मी कधी कुणाचं काम ठरवलं नाही, तूही ठरवू नकोस.

आता तुझ्या मामांचं ‘कात्री द्यायची’.

त्यांनी बाहेरून जे ऐकलं ते सांगितलं, म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. पण ओटीत नर्सची कामं दोन तऱ्हेची असतात हे त्यांना माहीत नाही. एक स्क्रब नर्स. ती हात धुऊन, गाऊन-ग्लोव्हज घालून सर्जनच्या समोर ट्रॉलीशी उभी असते. दुसरी फ्लोअरची, म्हणजे सर्क्युलेटिंग नर्स. ती निर्जंतुक नसते, म्हणूनच तिला सगळीकडे हात लावता येतो. पेशंटची ओळख पटवणं, संमतीपत्र, रक्ताच्या पिशव्या, पेशंटला टेबलावर कसं ठेवायचं, कॉटरीची प्लेट, नमुन्याची बाटली, नोंदी, सगळं तिच्याकडे. नव्या मुलींना स्क्रब व्हायची हौस असते आणि फ्लोअर म्हणजे दुय्यम वाटतं. माझं मत उलट आहे. नवखी मुलगी वर्षभरात स्क्रब चांगली करू शकते. चांगली फ्लोअर नर्स व्हायला पाच वर्षं लागतात, कारण तिला सगळी खोली एकदम दिसावी लागते.

फ्लोअरवर चूक कुठे होते ते दोन उदाहरणांनी सांगते. कॉटरीची प्लेट पेशंटच्या मांसल, कोरड्या जागेवर, मांडीवर वगैरे, पूर्ण चिकटवायची. हाडावर किंवा ओल्या कातडीवर लावली, अर्धी सुटली, तर तिथे भाजतं. पेशंट झोपलेला असतो, ओरडत नाही. ते भाजलेलं वॉर्डात गेल्यावर कळतं. दुसरं, काढलेली गाठ. सर्जननं तीन तास घालवून ती काढलेली असते, फॉर्मलिनच्या (नमुना टिकवायच्या द्रावणाच्या) बाटलीवर नाव न लिहिता ती बाटली तशीच राहिली तर पुढचं निदानच होत नाही आणि दुसऱ्यांदा ती गाठ मिळत नाही. आणि फ्रोझन सेक्शनला (ऑपरेशन चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला) पाठवायची असेल तर फॉर्मलिनमध्ये घालायचीच नाही. हे सगळं मामांच्या ‘कात्री’त बसतं का, बघ त्यांना विचारून.

कात्रीचंही सांगते. हत्यार देणं म्हणजे पुढे करणं नव्हे. सर्जनची नजर जखमेवरून उठू नये अशा तऱ्हेनं ते त्याच्या तळहातावर, वापरायच्या दिशेनं, ठाम टेकवायचं. नीडल होल्डरमध्ये सुई टोकापासून दूर, मागच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ धरायची. सुरी हातातून हातात द्यायची नाही, किडनी ट्रेमध्ये ठेवून ट्रे पुढे करायचा. ॲलिस, बॅबकॉक, कोकर, डीव्हर, लँगनबेक ही नावं पाठ करून येणार नाहीत. सीएसएसडीत (हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात) एक आठवडा हत्यारं धुवायला, पुसायला, सेट बांधायला मागून घे. कोणाचे दात कसे, कोणाचं कुलूप सैल झालंय, हे हाताला तिथेच कळतं. (मेयो कात्री हातात आली की विद्यार्थिनी हमखास विचारतात, ही आपल्या नागपूरच्या मेयो हॉस्पिटलची का? नाही. ती अमेरिकेतल्या मेयो बंधू सर्जनांच्या नावाची. आपल्या मेयोचं नाव लॉर्ड मेयो या व्हाइसरॉयवरून.)

सीएसएसडीत गेलीस तर ऑटोक्लेव्हही (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) नीट समजून घे. 121 अंश सेल्सिअस, चौरस इंचाला 15 पौंड दाब, हे परीक्षेत लिहिलं असशील. पण पॅकवरच्या टेपचे पट्टे काळे झाले म्हणजे पॅक त्या उष्णतेतून गेलं एवढंच कळतं. आतपर्यंत वाफ पोचली का ते पॅकच्या आत ठेवलेली पट्टी सांगते. आणि पॅक ओलं निघालं तर पट्टी काहीही सांगो, ते वापरायचं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तुझ्या मामांनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर माझ्याजवळ एका रात्रीच्या रूपात आहे.

नोकरीला लागून मला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. रात्री अडीचच्या सुमाराला अल्सर फुटलेला पेशंट आला, चाळिशीचा शेतमजूर, तीन दिवस घरीच पोट धरून बसलेला. पोटभर पू. सिनियर सर्जन होते, हात भराभर चालत होता. मी स्क्रब होते. सुरुवातीला फ्लोअरच्या सिस्टरबरोबर मोठ्यानं मोजून दहा मॉप (पोटातलं रक्त-पाणी टिपायचे कापडी बोळे) घेतले होते, पाच-पाचचे दोन गठ्ठे. पोट धुऊन झालं, ड्रेन टाकले, शिवायची वेळ आली. मोजले तर नऊ.

मी म्हटलं, ‘सर, एक मॉप कमी आहे.’

ते म्हणाले, ‘नीट मोजा.’ आम्ही दोघींनी वापरलेले मॉप जमिनीवरच्या चादरीवर एकेक पसरून मोजले. बादली उपडी केली. टेबलाखाली पाहिलं, बुटांचे तळवे पाहिले, लिनन झटकलं. नऊच. भूलतज्ज्ञ घाईत होते, पेशंटचा रक्तदाब खाली होता. सर म्हणाले, ‘पोटात काही नाही, मी बघितलंय. तुमची सुरुवातीची मोजणी चुकली असेल. शिवायला द्या.’ माझ्या हातात धागा लावलेला नीडल होल्डर तयार होता. क्षणभर मलाही वाटलं, असेल चुकली. रात्रीचे साडेतीन वाजलेले, मी अठ्ठावीस-तीसची, समोर वीस वर्षं सर्जरी केलेला माणूस. पण आम्ही दोघींनी मिळून, मोठ्यानं मोजले होते आणि पाटीवर ‘10’ लिहिलेला दिसत होता. मी नीडल होल्डर ट्रॉलीवर ठेवला आणि म्हटलं, ‘सर, मला सुई देता येत नाही. एक मॉप कमी आहे.’

कोणी काही बोललं नाही. मॉनिटरचा आवाज तेवढा येत होता. सरांनी पुन्हा हात आत घातला. उजव्या बाजूला, यकृताच्या वर, पार डायफ्रामखाली (छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली) तो मॉप होता. रक्तानं भिजून यकृताच्याच रंगाचा झालेला. त्यांनी तो माझ्या किडनी ट्रेमध्ये टाकला आणि हात पुढे केला. मी सुई दिली. त्या रात्रीनंतर माझ्यासमोर पोट बंद करताना ते दरवेळी आधी विचारायचे, ‘सिस्टर, काउंट?’

मामांना हे सांग. डॉक्टरच्या हातात द्यायचं हे आमचं काम आहेच, पण त्या रात्री न देणं हे माझं काम होतं. तो मजूर तेव्हा बोलू शकत नव्हता. भूल दिली की माणूस ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही, ‘हा पाय नाही, तो पाय’ म्हणू शकत नाही. सर्जनचं लक्ष जखमेत, भूलतज्ज्ञाचं श्वासात. त्या वेळी त्या माणसाच्या वतीनं बोलायला नर्स तिथे उभी असते.

म्हणून मोजायला शिक, आणि मोजण्याचे नियम आत्ताच अंगात मुरव. मोजणी कायम दोघींनी, बघत, मोठ्या आवाजात. केस सुरू व्हायच्या आधी, पोट किंवा गर्भाशयासारखी पोकळी बंद करायच्या आधी, कातडी शिवायच्या आधी. मध्ये कोणी ड्युटी बदलली तर तेव्हाही. पाचाच्या गठ्ठ्यात चार किंवा सहा निघाले तर तो गठ्ठाच बाजूला काढायचा, मनातल्या मनात हिशेब जुळवायचा नाही. मॉप कधी कापायचा नाही. काउंट जुळेपर्यंत कचऱ्याची एकही पिशवी ओटीबाहेर जाऊ द्यायची नाही, सफाईवाल्या मावशींना आधीच सांगून ठेवायचं. शोधूनही मिळाला नाही तर टेबलावरच एक्स-रे. मॉपमधली ती पट्टी त्यासाठीच असते, एक्स-रेत दिसावी म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासयादी काढली, 19 मुद्द्यांची. भूल द्यायच्या आधी एकदा थांबायचं, चीर घ्यायच्या आधी एकदा, पेशंट ओटीबाहेर न्यायच्या आधी एकदा. नाव, शस्त्रक्रिया, बाजू, ॲलर्जी, अँटिबायोटिक, काउंट, नमुना. हे एवढं साधं आहे की नव्या डॉक्टरांना ते कारकुनी काम वाटतं. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांमधल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. बऱ्याच ठिकाणी ही यादी केस संपल्यावर एका दमात टिका मारून भरतात. तू तसं करू नकोस. तोंडानं वाच, उत्तर येईपर्यंत थांब.

दुसरी गोष्ट मोजता येत नाही, म्हणून ती अवघड. समज, तू स्क्रब आहेस. वळताना तुझ्या गाऊनची बाही सलाईनच्या स्टँडला लागली. कोणी पाहिलं नाही. तुला मात्र माहीत आहे. अशा वेळी तोंडातून ‘माझी बाही लागली, गाऊन बदलते’ हे निघालं पाहिजे, आणि लगेच निघालं पाहिजे. मी पहिल्या वर्षी एकदा ग्लोव्ह लागल्यावर मिनिटभर गप्प राहिले होते. मग बोलले, ग्लोव्ह बदलले, कोणी रागावलंसुद्धा नाही. पण ते गप्प राहिलेलं मिनिट मला अजून आठवतं. सहा दिवसांनी वॉर्डात जखम पिकलेली दिसते तेव्हा ती कुणामुळे पिकली हे कोणालाच कळत नाही. ओटीत तुझ्यावर नजर ठेवायला तूच असतेस. ज्या मुलीनं मला पत्रात स्वतःहून लिहिलं की माझ्याकडून हात सुटला, तिला हे जमेल असं मला वाटतं.

ओरडण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण ऐकलं असशीलच. काही सर्जन ओटीत ओरडतात. रक्त थांबत नसताना चढलेला आवाज मनावर घेऊ नये, केस संपली की विसरावा. मात्र रोज अपमान करणं, शिवी देणं, हत्यार फेकणं हे ‘टेन्शन’ नव्हे. ते त्याच दिवशी इन्चार्जना आणि मेट्रनना लेखी कळवायचं. आम्ही आमच्या काळात गिळून टाकलं, ते चूक केलं.

आपल्या भागातल्या ओटीबद्दल दोन गोष्टी सांगते, त्या पुस्तकात सापडणार नाहीत. पहिली खर्रा, तंबाखू-सुपारीचा. पानठेल्यावर तो घोटताना तू रोज बघतेस. तो वर्षानुवर्षं खाणाऱ्याचं तोंड आवळत जातं, दोन बोटंही आत जात नाहीत. असा पेशंट हर्नियासाठी जरी आला तरी भूल देताना श्वासनळीत नळी घालणं कठीण होतं. म्हणून पेशंट ओटीत घ्यायच्या आधी ‘आ करा बरं’ म्हणून बघ आणि तोंड उघडत नसेल तर भूलतज्ज्ञांना लगेच सांग, अवघड नळीची ट्रॉली आधीच आत आण. त्याच खर्ऱ्यानं झालेल्या जबड्याच्या कॅन्सरच्या केसेस सकाळी सुरू होऊन संध्याकाळी संपतात. नागपुरात ओटी नर्स झालीस तर या केसेस तुझ्या वाट्याला येणारच.

दुसरी गोष्ट सिकलसेल. विदर्भात हा आजार खूप आहे. अशा पेशंटचं अंग गार पडलं, पाणी कमी पडलं किंवा ऑक्सिजन कमी झाला की रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून बारीक नसा तुंबवतात. बाहेर मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असते आणि आत एसीत आपण कुडकुडतो. कपडे काढलेल्या, झोपलेल्या माणसाला ती थंडी किती लागत असेल! तेव्हा कागदपत्रं बघताना सिकलिंगचा रिपोर्ट शोध, ब्लँकेट आणि गरम सलाईन तयार ठेव, आणि हाडाच्या केसमध्ये टुर्निकेट (रक्त अडवायचा पट्टा) बांधायच्या आधी सर्जनला आठवण दे. ही आठवण द्यायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

आता ‘कशी’चं बघू. हे मी थोडक्यात सांगते, कारण रस्ता सरळ आहे. जीएनएम पूर्ण कर, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी कर. मग निदान वर्षभर जनरल सर्जरीच्या ओटीत काम कर, सुरुवातीलाच हृदय किंवा मेंदूच्या ओटीच्या मागे लागू नकोस. हर्निया, अपेंडिक्स, सिझर यांत हात बसतो. त्यानंतर ऑपरेशन रूम नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो, तो भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतूनच कर. मान्यतेचं पत्र संस्थेच्या तोंडी सांगण्यावर मानू नकोस, परिषदेच्या यादीत स्वतः बघ. पुढे शिकवायचं किंवा मेट्रन व्हायचं मनात असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे.

टेक्निशियनचा कोर्स वाईट नाही. ओटीचे टेक्निशियन भूलयंत्र, टेबल, दिवे, उपकरणं सांभाळतात आणि त्यांच्याशिवाय ओटी चालत नाही. पण तुझी तीन वर्षं नर्सिंगमध्ये गेलीच आहेत आणि नर्सिंगची नोंदणी तुला ओटीपुरती बांधून ठेवत नाही. उद्या गुडघे दुखले, मूल झालं, वाटलं की आयसीयूत जावं, तर जाता येतं. मामांना एवढंच सांग.

आईचंही ऐक, कारण आईचं चूक नाही. राज्याच्या अधिपरिचारिका पदाची भरती निघाली की फॉर्म भर. मिहानमधल्या एम्ससाठी नॉरसेट ही परीक्षा असते, जीएनएमवाल्यांना त्यासाठी किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून पहिली नोकरी निवडताना खाटा किती ते विचार आणि अनुभवाचं प्रमाणपत्र वेळच्या वेळी घे. फक्त एक लक्षात ठेव, सरकारी नोकरीत ओटी मागून मिळतेच असं नाही, वॉर्ड ठरवणं मेट्रनच्या हातात असतं. ओटीचा डिप्लोमा आणि अनुभव कागदावर असला की मागणीला वजन येतं.

धंतोली-रामदासपेठेत हॉस्पिटलांना हॉस्पिटलं लागून आहेत, तिथे पहिली नोकरी मिळायला अडचण नाही. मुलाखतीला गेलीस की पगाराबरोबर तीन गोष्टी विचार: एका केसला नर्स किती, मोजणी कशी करतात, हत्यारं कुठे निर्जंतुक होतात. एकटीच नर्स स्क्रब आणि फ्लोअर दोन्ही बघते असं उत्तर आलं तर तिथे शिकायला राहू नकोस. आणि मूळ प्रमाणपत्रं कोणी ‘जमा करा’ म्हटलं तर देऊ नकोस, कोणीही असो. झेरॉक्स दे, मूळ कागद दाखव आणि घरी आण. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे कागद दीड वर्ष अडकले होते, तिची सरकारी संधी त्यात गेली.

शरीराचं. हेपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण झालेत का ते आजच बघ: पहिला, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. दोनच घेऊन तिसरा विसरलेल्या मुली दरवर्षी भेटतात. सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढत बसू नकोस, स्पिरिट ओतू नकोस. साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, 72 तासांनंतर तिचा उपयोग राहत नाही. ‘ओरडतील’ म्हणून लपवलेली सुई मी पाहिली आहे, तसं कधी करू नकोस. सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) चालू असताना शिशाचा ॲप्रन घातल्याशिवाय उभी राहू नकोस, आणि पुढे दिवस गेले तर त्याच आठवड्यात इन्चार्जना सांग. पोटऱ्यांचे घट्ट मोजे पहिल्या वर्षापासून घाल. मी पंचेचाळिशीत घालायला लागले, तोवर नसा फुगल्या होत्या.

हाताला घालतो ते रबरी ग्लोव्हजसुद्धा एका ओटी नर्समुळे आले, हे तुला ठाऊक आहे का? अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये 1889-90च्या सुमाराला कॅरोलाइन हॅम्प्टन ही ओटीची मुख्य नर्स होती. निर्जंतुक करायला वापरायच्या पाऱ्याच्या औषधानं तिच्या हातांची कातडी सोलून निघायची, ती नोकरी सोडायच्या बेतात होती. म्हणून सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करून घेतले. पेशंटला त्यांचा किती फायदा होतो हे सगळ्यांना मागून कळलं.

स्थळाबद्दल मी जास्त बोलणार नाही, तो तुमच्या घरचा प्रश्न. एवढंच, ओटीला नाईटपेक्षा कॉल जास्त असतात, रात्री दोनला फोन आला की निघावं लागतं. हे लग्नाआधी स्पष्ट सांग आणि मुलालाही समोर बसवून सांग. ज्या घरात रात्री दोनला कोणी तुझ्यासाठी फाटकापर्यंत येऊन उभं राहील, तिथे तुझं निभेल.

आता या आठवड्यात काय करायचं ते. इन्चार्ज सिस्टरांकडे जा. रडू नकोस, माफीही मागू नकोस. म्हण, ‘सिस्टर, मला ओटीचे आणखी चार दिवस द्या. पहिले दोन दिवस मी सीएसएसडीत सेट बांधते, मग फ्लोअरला उभी राहते.’ काम मागणाऱ्या मुलीला कोणतीही इन्चार्ज सहसा परतवत नाही, मी तर कधीच परतवलं नाही. एक छोटी वही खिशात ठेव. प्रत्येक केसनंतर हत्यारांची नावं, ती कोणत्या क्रमानं मागितली गेली, सर्जनची सवय आणि मॉप किती गेले-किती आले, एवढं लिही. महिन्याभरात ती वही तुझ्या पुस्तकापेक्षा उपयोगी पडेल.

आणि ती पहिलटकरीण. ती घरी गेली असेल, पण सिझरच्या बाया तपासणीला आणि बाळाच्या लसीला परत येतात. रजिस्टरमध्ये तिची तारीख बघ आणि त्या दिवशी ओपीडीत जा. तिला तू पडलेली आठवत असेल, काळजीही वाटली असेल. बाळाचं नाव काय ठेवलं ते विचार, टाका ओला नाही ना, ताप येत नाही ना, ते बघ.